धमकीची दखल

नोव्हेंबर 2012 मधील पालघरची घटना वाचकांच्या स्मरणात असेल. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्यांस पसंती दर्शविली आणि दोघींनाही अटक झाली. त्या मजकुरात कोणासही धमकी नव्हती. हिंसा केली ती जमावाने, काकांच्या दवाखान्याची मोडतोड करून. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. आणि अटकेसाठी ज्याचा आधार घेतला गेला ते कलम 66 अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरविले.

याउलट जून 2023 मध्ये शरद पवार यांना, आपली गत डॉ. दाभोलकरांसारखी होईल, अशा आशयाची धमकी समाजमाध्यमांवरून देण्यात आली. सुप्रिया सुळे यांनी मुंबईच्या पोलीस आयुक्तांची भेट घेतली आणि काही दिवसांतच पुण्यातून एकास अटक झाली. हे योग्यच झाले. दाभोलकरांनाही वर्षानुवर्षे धमक्या येत होत्या. 20 ऑगस्ट 2013 रोजी त्या खऱ्या ठरल्या. फेब्रुवारी 2015 मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. अशा राज्यात धमकी ही पोकळ बडबड समजून चालत नाही.

प्रश्न आहे तो सामान्यांचा. नौपाड्यातील एखाद्या शिक्षिकेस कोणी अनामिकाने 'घरात घुसून मारीन' असे लिहिले, तर ती पडद्यावरील मजकुराची छापील प्रत घेऊन ठाण्यात जाते आणि बहुधा 'एनसी'चा कागद घेऊन परतते. यात अंमलदाराचा दोष थोडा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 प्रमाणे जिवे मारण्याच्या धमकीस सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, नाव लपविल्यास आणखी दोन. तरीही केंद्रीय कायद्याच्या मूळ अनुसूचीत हा गुन्हा अदखलपात्रच आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून तपास नाही. सात वर्षांची शिक्षा आणि दखल मात्र नाही, ही विसंगती कोणाच्या बुद्धीतून निघाली कोण जाणे! तोवर खाते पुसले जाते. छापील प्रत न्यायालयात टिकण्यास प्रमाणपत्र लागते, हे त्या बाईंना कोणी सांगितलेले नसते. वास्तविक 2021 च्या नियमांनुसार अधिकृत यंत्रणेने लेखी मागणी केल्यास कंपनीने 72 तासांत माहिती देणे बंधनकारक आहे. परंतु मागणी जाण्यासाठी आधी तपास सुरू व्हावा लागतो.

पोलिसांना वेगाने हालचाल करता येत नाही असे मात्र म्हणवत नाही. मे 2022 मध्ये पवारांविषयीच्या एका पद्यमय मजकुरावरून केतकी चितळे या अभिनेत्रीस ठाणे पोलिसांनी तत्परतेने अटक केली. सुमारे चाळीस दिवस ती कोठडीत होती. मजकूर अभिरुचिहीन होता, पण अपमान आणि धमकी या भिन्न गोष्टी आहेत. ती तत्परता शिक्षिकेच्या वाट्यास येण्यासाठी नवा कायदा नको. तक्रार आली त्याच दिवशी मजकूर जतन करण्याचे पत्र कंपनीस जावे, आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी पोलिसांनी स्वतः मागावी. आज ती मागण्यासाठी तक्रारदारालाच रजा काढून न्यायालयाचे जिने चढावे लागतात.