पुण्याचें नांव लाभलेला रोगजंतु

पुण्याचें नांव पुष्कळ चांगल्या गोष्टींशीं जोडलें गेलें आहे. परंतु एका रोगजंतूसही तें लाभलें आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. त्याचें नांव साल्मोनेला पूना. १९३५ सालीं त्याची प्रथम नोंद झाली, आणि शास्त्राच्या रिवाजाप्रमाणें गांवाचें नांव त्यास चिकटलें.

साल्मोनेला हें कुलनाम डॅनियल साल्मन या अमेरिकन पशुवैद्यावरून पडलें. आज या कुलाचे अडीच हजारांहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. विषमज्वराचा जंतु त्यांतलाच. पण तो माणसांतच राहतो. इतर बहुतेकांचें बिऱ्हाड प्राण्यांच्या आंतड्यांत असतें. कोंबडीचें मांस व अंडीं यांतून येणारे प्रकार नेहमींचे. पूना हा त्या मानानें विरळ.

असा विरळ जंतु बहुधा अनपेक्षित वाटेनें येतो. २०१५ सालीं अमेरिकेंत या पूना जंतूनें ९०७ माणसें आजारी पडलीं व ६ दगावलीं. शोध घेतां घेतां तपासनीस जाऊन पोंचले ते मेक्सिकोहून आलेल्या काकड्यांपाशीं! काकडी आपण शिजवीत नाहीं. त्यामुळें सालीवरचा जंतु सुरीबरोबर आंत शिरतो आणि जिवंतच पोटांत उतरतो.

दुसरी वाट घरांतल्या लाडक्या प्राण्याची. कासवें, सरडे व साप यांच्या आंतड्यांत हे जंतु कसलाही त्रास न देतां राहतात. कासव दिसावयास निरोगी. पण त्याच्या कवचावर आणि भांड्यांतील पाण्यांत जंतु असूं शकतात. मूल त्यास हातांत घेतें, त्याचा मुका घेतें, आणि तेंच बोट तोंडांत घालतें. म्हणूनच अमेरिकन सरकारनें १९७५ सालीं चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीस बंदी केली. प्राण्यास शिवावेंच लागतें असेंही नाहीं. १९९६ सालीं डेन्व्हरच्या प्राणिसंग्रहालयांत कोमोडो जातीची प्रचंड घोरपड पाहावयास गेलेलीं मुलें आजारी पडलीं. त्यांतील बहुतेकांनीं तिला स्पर्शही केला नव्हता. केवळ तिच्या लांकडी कठड्यास हात लावला होता. ज्यांनीं नंतर हात धुतले, त्यांस हा धोका कमी होता.

जंतु पोटांत गेल्यावर सहा तासांपासून सहा दिवसांच्या आंत ताप, कळा व जुलाब सुरू होतात. धट्टाकट्टा माणूस बहुधा आठवड्याभरांत बरा होतो. शरीरांतून गेलेलें पाणी मात्र भरून काढावें लागतें. परंतु तान्हें मूल, वृद्ध किंवा आजारानें खंगलेला मनुष्य यांच्या बाबतींत जंतु रक्तांत शिरूं शकतो, क्वचित् मेंदूच्या आवरणापर्यंतही पोंचतो. अशा वेळीं घरगुती उपचारांत वेळ न दवडतां डॉक्टरांस बोलवावें, आणि घरांत कासव असल्यास तें त्यांस आवर्जून सांगावें. विचारल्यावांचून तें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

मग काकडी खाऊं नये काय? अवश्य खावी, पण वाहत्या पाण्याखालीं चोळून धुवून. कच्च्या मांसाची सुरी कोशिंबिरीस लावूं नये. शीतपेटीवर विसंबूं नये. थंडीनें जंतु वाढत नाहीं, पण मरतही नाहीं. तो मरतो तो आंचेनें. कासवाचें भांडें स्वयंपाकाच्या मोरींत धुऊं नये, आणि पांच वर्षांखालील मूल असलेल्या घरांत तें आणूंच नये, हें उत्तम.

बाहेरून आल्यावर व जेवणापूर्वीं हात धुण्याची आपल्या आजीची शिस्त आपणांस ठाऊक आहेच. तिला जंतूंचीं नांवें ठाऊक नव्हतीं. शिस्त मात्र अचूक होती.