गुडघा नवा, पण दुखणं सांगायचं कुणी?

“मला काही दुखत नाही गं. उगाच कशाला त्या गोळ्या पोटात भरायच्या?”

मिरजेहून उजवा गुडघा बदलून घरी आल्यावर सासूबाई रोज हेच म्हणत. आम्हीही कौतुक करत होतो, बाई मोठी धीराची! बाराव्या दिवशी उशीचा अभ्रा काढला, तर आतून रुमालाची गाठ निघाली. गाठीत अकरा गोळ्या! त्याच दिवशी फिजिओथेरपिस्टताईंनी गुडघा मोजला. जेमतेम ५० अंश वाकत होता. खुर्चीत नीट बसायचं तर ९० तरी हवेत.

मी रागावले. त्या गप्प. मग हळूच म्हणाल्या, “चार बाळंतपणं झाली, कधी हूं केलं नाही. आता या वयात गुडघ्यासाठी रडू?”

मैत्रिणींनो, घरोघरी हीच तऱ्हा नाही का? सोसते ती शहाणी! पण इथं सोसणं अंगाशी येतं. कसं, ते ताईंनी समजावून सांगितलं. शस्त्रक्रियेत हाडांची झिजलेली टोकं काढून तिथं धातूचं आवरण बसवतात आणि मध्ये प्लॅस्टिकचा थर असतो. टाके दोनेक आठवड्यांत निघतात, पण आतली जखम भरताना सांधा आखडू पाहतो. सुरुवातीच्या आठवड्यांत तो वाकवला नाही, तर पुढं कधी कधी पुन्हा भूल देऊन डॉक्टरांना वाकवावा लागतो. दुखतं म्हणून बाई पाय हलवत नाही, हलवत नाही म्हणून तो आखडतो, आणि आखडला की अधिकच दुखतो. म्हणजे गोळी लाडासाठी नव्हे, व्यायामासाठी घ्यायची!

त्या दिवसापासून फ्रिजवर कागद लावला. गोळी किती वाजता, व्यायाम किती वाजता. दुखायला लागल्यावर धावाधाव करायची नाही. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी वेळेवर आणि व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी. एक मात्र बघा, पॅरासिटामॉल वेगवेगळ्या नावांनी येतं, सर्दीच्या गोळीतही असतं. नकळत दुप्पट पोटात जायला नको. आणि घरात उरलेल्या जुन्या गुडघेदुखीच्या गोळ्या विचारल्याशिवाय मुळीच देऊ नका. मूत्रपिंडाचा त्रास, पोटातला व्रण किंवा रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल, तर त्या घातक ठरू शकतात. जोरदार वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतं आणि गरगरतं. पपई, भिजवलेल्या मनुका, भरपूर पाणी हे आमच्याकडं चाललं. रात्री मात्र दिवा लावून, वॉकर हाताशी ठेवूनच उठायचं.

आता उशीची गोष्ट. सासूबाई गुडघ्याखाली उशी दुमडून निजत. बरं वाटतं ना! पण त्यानं गुडघा वाकलेलाच राहतो आणि पुढं सरळ होईना. उशी घ्यायची ती टाचेखाली, पाय सरळ ठेवून. सूज उतरायला बर्फ उत्तम. दुधाच्या धुतलेल्या पिशवीत बर्फाचे तुकडे घालून, टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. थेट कातडीवर नको, आणि पट्टी ओली होऊ द्यायची नाही.

समाचाराला येणारी प्रत्येक बाई एक इलाज घेऊन येते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिळाच्या तेलानं चोळा, विटेनं शेका! चहा द्या, पण तेलाची बाटली आत ठेवा. ताज्या जखमेला चोळणं नाही की शेक नाही.

पहिले दोन आठवडे कठीण, मग हळूहळू उतार पडतो. रात्री ठणकणं मात्र बरेच दिवस चालतं. सूज आणि थोडी ऊब काही महिने राहू शकते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटतं, चालताना टक्‌ असा आवाज येतो. त्यानं घाबरू नये. पण पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून पाणी-पू आला, ताप चढत गेला किंवा दुखणं कमी होण्याऐवजी वाढू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर एक क्षणही न दवडता दवाखाना गाठा.

आमच्याकडं सातव्या आठवड्यात ९५ अंश झाले. पाटावर मांडी घालून बसणं नाही, म्हणून देव टेबलावर आलेत. त्याची थोडी कुरकुर आहे. पण सकाळी स्वयंपाकघरात माझी पोळ्यांची घाई चालू असते, तेवढ्यात बाहेरून खणखणीत हाक येते, “अगं, साडेनऊ वाजले! माझी गोळी कुठाय?”