ध्रुववृत्तापलीकडच्या लाटा

सर्फिंग, अर्थात फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचा खेळ, आपल्या देशात रुजला तो कर्नाटकातील मुल्की किंवा चेन्नईजवळील कोवलम यांसारख्या उष्ण किनाऱ्यांवर. त्यामुळे हा खेळ बर्फाच्छादित डोंगरांच्या पायथ्याशीही खेळला जातो, हे सांगितले तर अनेकांना थट्टा वाटेल. नॉर्वेच्या लोफोटेन द्वीपसमूहातील उन्स्टाड हे चिमुकले गाव मात्र त्यासाठीच जगप्रसिद्ध आहे. ते सुमारे ६८ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे वसले आहे. १९६३ साली दोन नॉर्वेजियन दर्यावर्दी तरुणांनी दूरदेशी पाहिलेल्या या खेळाच्या ओढीने घरीच फळ्या तयार केल्या आणि येथील लाटांवर पहिला प्रयोग केला.

अटलांटिकमधील उष्ण प्रवाहामुळे हा समुद्र गोठत नाही. तथापि ‘उष्ण’ हा शब्द येथे सापेक्ष समजावा. हिवाळ्यात पाण्याचे तापमान ५ ते ६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते व उन्हाळ्याच्या अखेरीस ते जेमतेम १२ अंशांपर्यंत पोहोचते. मोठ्या लाटा शरद व हिवाळ्यात येतात. परंतु डिसेंबरच्या प्रारंभापासून जानेवारीच्या आरंभापर्यंत तेथे सूर्य क्षितिजावर येतच नाही. उलट जूनमध्ये मध्यरात्रीही सूर्य दिसतो, पण समुद्र बहुधा शांत असतो. प्रकाश आणि लाटा या दोहोंचा मेळ सप्टेंबर व ऑक्टोबरमध्ये बसतो. प्रथमच जाणाऱ्याने हाच काळ निवडणे शहाणपणाचे.

खरा धोका लाटेच्या उंचीत नसून थंडीत आहे. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीरातील उष्णता शोषून घेते. अतिथंड पाण्यात अचानक पडताच पहिल्या मिनिटभरात श्वास अनावर होतो व त्याच वेळी तोंडात पाणी जाण्याची भीती सर्वाधिक असते. त्यानंतर दहा-एक मिनिटांत हातपायांतील शक्ती ओसरू लागते. उत्तम पोहणाराही यास अपवाद नाही. म्हणूनच ५ किंवा ६ मिलिमीटर जाडीचा, डोके झाकणारा वेटसूट, हातमोजे व बूट यांवाचून पाण्यात उतरूच नये. वेटसूटच्या रबरात वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असतात. ऊब टिकते ती मुख्यतः त्यांच्यामुळे. आपल्याकडील किनाऱ्यांवर वापरला जाणारा पातळ सूट तेथे निरुपयोगी होय. ही सामग्री उन्स्टाड येथे भाड्याने मिळते. एका सहलीसाठी महागडा सूट विकत घेऊन, वर फळीसाठी विमान कंपनीला जादा भाडे भरण्यात अर्थ नाही. शिवाय तेथील प्रशिक्षक सोबत घेतल्यास गोलगुळगुळीत धोंड्यांवर फुटणाऱ्या लाटा कोणत्या व वाळूवरच्या सौम्य लाटा कोणत्या, हे आधीच कळते.

आता कागदपत्रांविषयी. नॉर्वे युरोपीय संघाचा सदस्य नाही. मात्र शेंगेन व्यवस्थेत आहे. त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठीचा अर्ज प्रवासापूर्वी सहा महिने ते पंधरा दिवस या मुदतीत करावा लागतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा आवश्यक असतो. येथेच अनेकांची गफलत होते. व्हिसासाठी चालणारी पॉलिसी समुद्रातील अपघातासाठी चालेलच असे नाही. पुष्कळशा पॉलिसींच्या अपवादांत साहसी खेळांचा समावेश असतो आणि तो मजकूर सहसा शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत असतो. लोफोटेनमधील रुग्णालय ग्रावडाल येथे आहे. गंभीर रुग्णास हवाईमार्गे मोठ्या शहरात हलवावे लागू शकते. तो खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाची वर्षानुवर्षांची बचत गिळू शकतो. सबब, सर्फिंग व आणीबाणीतील स्थलांतर या दोन्ही बाबी समाविष्ट असल्याची खात्री विमा कंपनीकडून लेखी घ्यावी. थोडा अधिक हप्ता भरावा लागला, तरी येथे काटकसर करू नये.

चलनाबाबतही एक बारकावा आहे. नॉर्वेत युरो नव्हे, क्रोन चालतो. प्रवासी कार्डात क्रोनची सोय नसेल व त्यात युरो भरलेले असतील, तर प्रत्येक खरेदीस पुन्हा चलनबदल होऊन शुल्क आकारले जाते. तेथे बहुतेक सर्व व्यवहार कार्डानेच होत असल्याने रोख अल्प न्यावी. दुकानातील यंत्राने रुपयांत रक्कम भरण्याचा पर्याय दिल्यास तो नाकारून क्रोन निवडावा. रुपयांतील दर बहुधा महाग पडतो. उदारीकृत प्रेषण योजनेनुसार निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम विदेशी नेता वा पाठविता येते. मोठ्या रकमेवर अथवा सहल-पॅकेजवर स्रोतावर कर संकलित होतो. हा कर विवरणपत्रात वजा करून घेता येतो, तथापि तोपर्यंत पैसा अडकून राहतो. दर अर्थसंकल्पागणिक बदलत असल्याने त्या वर्षीचा दर शाखेत विचारूनच अंदाजपत्रक मांडावे.

ऑस्लोहून बोडो व तेथून लहान विमानाने लेक्नेस, किंवा बोडोहून बोटीने मोस्केनेस, असे दोन मार्ग आहेत. वादळात दोन्ही खोळंबतात. परतीच्या आंतरराष्ट्रीय उड्डाणापूर्वी निदान एक दिवस मोकळा ठेवावा व लाटांची वाट पाहण्यास आठवडाभर तरी हाताशी असावा. पॉलिसीची एक प्रत घरी ठेवावी. नॉर्वेत वैद्यकीय मदतीचा दूरध्वनी क्रमांक ११३ आहे. परतल्यावर उरलेल्या विदेशी नोटांपैकी २,००० डॉलरपर्यंत मूल्याच्या जवळ बाळगता येतात. त्याहून अधिक असल्यास १८० दिवसांच्या आत अधिकृत विक्रेत्याकडे परत कराव्यात.