डॅशहाऊंडची पाठ जपा
आखूड पाय, लांबलचक धड आणि अंगापेक्षा मोठा आवाज. फ्लॅटमध्ये मावणारा कुत्रा म्हणून डॅशहाऊंड अनेकांना आवडतो. जर्मन भाषेत ‘डाक्स’ म्हणजे बॅजर हा बिळात राहणारा प्राणी आणि ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. बिळात शिरून बॅजरला गाठण्यासाठी ही जात तयार झाली. तिथे मालकाचा हुकूम पोहोचत नाही, निर्णय स्वतःच घ्यावा लागतो. त्याच्या हट्टीपणाचे, उकरण्याच्या खोडीचे मूळ हेच. म्हणून ओरडून उपयोग नाही. दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटांचा सराव आणि ऐकले की लगेच खाऊ, ही पद्धत लागू पडते.

खरी काळजी पाठीची. पाय आखूड करणाऱ्या जनुकीय बदलाशीच मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक होण्याचा संबंध आहे. चकती सरकून मज्जारज्जू दाबला गेला, तर मागचे पाय लुळे पडू शकतात. साधारण चार-पाच डॅशहाऊंडमागे एकाला कधी तरी हा त्रास होतो. त्यामुळे वजन वाढू देऊ नका. सोफ्यावरून उड्या नकोत, उतरती फळी लावा. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या भागाखाली हवा.

उडी टाळणे, पाठीला बाक येणे, उचलताच केकाटणे ही पहिली लक्षणे. मागचे पाय लटपटले तर ‘उद्या बघू’ म्हणू नका, त्याच दिवशी पशुवैद्यक गाठा. घरातली वेदनाशामक गोळी मात्र देऊ नका. आयब्युप्रोफेन कुत्र्यांना विषारी ठरते.