वसईचे संत, धाराशिवचं व्यासपीठ

जानेवारी २०२०मध्ये धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. साहित्यनगरीला नाव होतं संत गोरोबा काकांचं आणि अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. निवडीला विरोध झाला होता, पाठीचं दुखणंही बळावलं होतं. तरी ते आले. या पदाचा मान मिळालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू.

वसई धर्मप्रांताने २०२३मध्ये २५ वर्षं पूर्ण केली. त्या वाटचालीत मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण त्याचं मूळ धर्मप्रांताचे आश्रयदाते संत गोन्सालो गार्सिया यांच्यापर्यंत जातं.

गोन्सालोंचा जन्म १५५६-५७च्या सुमाराचा, वसईतला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघीयांकडे शिकलेला हा मुलगा पंधरा-सोळाव्या वर्षी जपानला गेला आणि तिथली भाषा बोलू लागला. पुढे व्यापारात पैसा मिळाला, पण तो सोडून मनिलात त्यांनी फ्रान्सिस्कन ब्रदर म्हणून व्रत घेतलं. १५९३मध्ये ते पुन्हा जपानला गेले, ते दुभाषी म्हणून. राज्यकर्ता हिदेयोशीपुढे फ्रान्सिस्कनांचं म्हणणं मांडायचं काम त्यांच्याकडे आलं. क्योटोत कुष्ठरोग्यांची सेवा सुरू झाली. मग वारं फिरलं आणि गोन्सालोंसह अनेकांना पकडलं. कान कापून बंदिवानांची धिंड काढली, भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर चढवून भाले खुपसले. १८६२मध्ये पोप पायस नववे यांनी या सर्वांना संत घोषित केलं. गोन्सालो हे भारतात जन्मलेले पहिले संत.

इकडे १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि किल्ल्यातली चर्चं कालांतराने ओस पडली. श्रद्धा मात्र गावागावांत, सामवेदी आणि वाडवळी बोलणाऱ्या घरांत टिकली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत होऊ लागली. नंदाखालच्या दिब्रिटोंनी १९८३ ते २००७ ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन केलं, ‘सुबोध बायबल’ लिहिलं आणि हरित वसईच्या लढ्यात पुढे राहून इथलं पाणी नि जमीन वाचवण्यासाठी आवाज उठवला. २२ मे १९९८ रोजी मुंबईपासून वेगळा धर्मप्रांत झाला, तेव्हा ही मराठी मशागत आधीच झालेली होती. आज गासचं चर्च आणि वसईतलं महाविद्यालय गोन्सालोंच्या नावाने ओळखलं जातं.

२५ जुलै २०२४ रोजी फादर दिब्रिटो गेले. गोन्सालोंनी परक्या मुलखाची भाषा जिवापाड जपली. दिब्रिटोंनी आपल्याच भाषेत आपला धर्म साऱ्या महाराष्ट्रापुढे, गोरोबा काकांच्या मुलखात, मोकळेपणाने मांडला. दोघांनीही आधी समोरच्याची बोली ऐकली. धर्मप्रांताच्या हद्दीत जव्हार, मोखाडा, तलासरीचे आदिवासी पाडे आहेत. तिथली वारली बोली आपल्या किती धर्मगुरूंना, शिक्षकांना, परिचारिकांना येते? सणाला पुतळ्यापुढे फुलं वाहावीतच. पण पुढच्या २५ वर्षांचा हिशेब या प्रश्नाच्या उत्तरावर मांडला, तर तो आपल्या संताला साजेसा होईल.