बिनखटक्याचा चाकू कसा पारखावा

पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला आपण आजही पेशवे दप्तर म्हणूनच ओळखतो, जतन करून ठेवलेले मोडी रुमाल ज्यांनी उलगडून पाहिले असतील त्यांना त्या अक्षरांच्या जाड-बारीक वळणांमागे बोरूचा तिरका काप दिसतो, पण तो काप घेणाऱ्या हत्याराची आठवण सहसा होत नाही; वास्तविक कारकुनाच्या सरंजामात दौत आणि बोरू यांच्याइतकाच कलमतराश हा जिन्नसही आवश्यक असे, आणि इंग्रजीतसुद्धा खिशातल्या लहान चाकूचे नाव पिसाची लेखणी तासण्याच्या कामावरूनच पडलेले आहे. बोरू गेला, टाक गेला, तरी मुठीत मिटणारा, कमानीच्या दाबाने उघडा राहणारा आणि पाते अडकवून ठेवणारा खटका नसलेला लहानसा चाकू मात्र आपल्या खिशात टिकून राहिला. सिंहगडाच्या वाटेवर काकडी चिरायला, मंडईतून आणलेल्या पेरूच्या फोडी करायला, पार्सलाची सुतळी कापायला तो लागतोच. दुःख एवढेच की तो विकत घेताना आपण ज्या गोष्टी तपासतो त्यांचा त्याच्या घडणीशी फारच थोडा संबंध असतो, आणि ज्या तपासायला हव्यात त्यांकडे आपले लक्षही जात नाही.

सर्वांत रूढ समज असा की खटका नाही म्हणजे चाकू अर्धवट, स्वस्तातला, लहान मुलांच्या हाती देण्याजोगा. हा समज मुळातच चुकीचा आहे. खटक्याच्या चाकूत पात्याच्या मुळाशी एखादा दांडा किंवा पट्टी आडवी येऊन बसते, आणि ती बाजूला सारल्याशिवाय पाते मिटत नाही. बिनखटक्याच्या चाकूत मुठीच्या पाठीशी बसवलेली पोलादी कमान पात्याच्या मुळावर सतत दाब देत असते, आणि मुळाची सपाट बाजू कमानीच्या सपाट टोकाखाली नेमकी येऊन टेकली की पाते उघडे राहते. पहिली रचना अडसराची आहे, दुसरी तोलाची. आणि तोल साधायला अडसरापेक्षा कमी कौशल्य लागते असे कोणत्याही कारागिराला वाटणार नाही. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतातला ओपिनेल चाकू १८९० पासून बनतो; त्याच्या गळ्यातले, पाते अडकवणारे फिरते कडे १९५५ साली आले, म्हणजे तोवरची पासष्ट वर्षे शेतकऱ्यांनी तो कड्यावाचूनच वापरला, आणि त्याच्या सर्वांत लहान आकारांना आजही कडे नसते. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सेनरने १८९१ साली सैन्याला पुरवलेला आणि १८९७ मध्ये सुधारून नोंदवलेला चाकू तर पाठीच्या कमानीवरच चालणारा होता. मर्यादा एकच, आणि ती खरी आहे: या चाकूने भोसकण्याचे किंवा टोकाने टोचून नेट लावण्याचे काम करू नये, कारण पात्याच्या पाठीवर उलटा जोर आला तर ते बोटांवर मिटेल. ही मर्यादा रचनेची आहे, तिला घडणीतली कसर म्हणता येणार नाही.

दुसरा समज आवाजाचा. दुकानात गिऱ्हाईक चाकू उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो, आणि ‘खट्’ असा करकरीत नाद आला की त्याची खातरजमा होते. नाद सुखद असतो हे मान्य. परंतु तो कमानीच्या ताणाने, मुठीच्या पोकळीने आणि पात्याच्या वजनाने ठरतो, आणि अतिताठ कमानीचा चाकू मोठा आवाज करून नख मोडणाराही असू शकतो. आवाजाऐवजी चाल पाहावी. नखाच्या खाचेत अंगठ्याचे नख घालून पाते अगदी सावकाश उचलावे. दाब पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत एकसारखा जाणवला, मध्ये कुठे खरखर लागली नाही, पाते एकाएकी सैल पडले नाही, आणि अखेरच्या थोड्या अंतरावर ते आपण होऊन खेचले जाऊन जागी बसले, तर मुळाचा घाट आणि कमानीचे तोंड ही दोन्ही नीट घासून परस्परांना मिळवलेली आहेत असे समजावे.

यानंतरची परीक्षा माझ्या मते सर्वांत बोलकी, आणि तिला उजेडाखेरीज काही लागत नाही. बोहरी आळीच्या अरुंद दुकानात गल्ल्यावरचा दिवा असतोच. चाकू त्या दिव्यासमोर आडवा धरावा आणि कमान व तिच्या दोन्ही बाजूंच्या पितळी पट्ट्या यांच्या मधून उजेडाची रेघ दिसते का ते पाहावे. मग कमानीच्या पाठीवरून बोटाचे पेर हलकेच फिरवावे: एकदा पाते पूर्ण मिटलेले असताना, एकदा अर्धे उघडलेले असताना, एकदा पूर्ण उघडलेले असताना. उत्तम घडणीत मिटलेल्या आणि उघडलेल्या स्थितींत तरी कमान पट्ट्यांशी बेमालूम समतल असते. काही कारागीर अर्ध्या स्थितीतही ती समतल ठेवतात, आणि ते काम फारच अवघड. केसाएवढा उंचवटाही पेराला कळतो, डोळ्याला कळत नाही. या कामासाठी बोट हे आपल्याजवळचे अव्वल दर्जाचे मापयंत्र आहे, आणि दुकानदाराने कितीही तारीफ केली तरी त्याची साक्ष फिरत नाही.

सांध्याची पारख पुणेकराला परकी नसावी. बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिनकर गंगाधर केळकरांनी, म्हणजे कवी ‘अज्ञातवासीं’नी, आयुष्य वेचून जमवलेल्या नित्य वापराच्या वस्तूंत अडकित्तेही आहेत. त्यांच्या कलाकुसरीवर नजर खिळते हे स्वाभाविक आहे, पण आपल्या आज्या नवा अडकित्ता हातात घेतल्यावर नक्षीच्या आधी खिळा पाहत, दोन्ही हात आडवे हलवून सांधा डुलतो का ते बघत, कारण डुलणारा सांधा सुपारी कातरत नाही, चेचतो. चाकूचेही तसेच. पाते उघडून त्याचे टोक चिमटीत धरावे आणि डावी-उजवीकडे बेताने हलवावे. मुळाशी ‘टिक्’ अशी सूक्ष्म हालचाल जाणवली तर खिळा सैल आहे. परंतु येथेही अतिरेक नको: जोर लावून पाते वाकवायचे आणि ते लवले म्हणून चाकू टाकाऊ ठरवायचा हा अन्याय आहे, कारण पातळ पोलाद लवतेच, लवणे निराळे आणि डुलणे निराळे. तसेच दोन-तीन पात्यांच्या चाकूत एखादे पाते मुद्दाम किंचित तिरके केलेले असते, जेणेकरून मिटताना ती एकमेकांना घासू नयेत. हे वाकडेपण सदोष नाही, ते कारागिराचे तारतम्य आहे.

माझा एक जुना अनुभव येथे सांगितला पाहिजे. माझ्याजवळच्या एका चाकूच्या धारेत, बरोबर मध्यावर, तांदळाच्या दाण्याएवढा बोथट ठिपका होता. उजेडात तो चमके. मी निसण्यावर धार लावी, ठिपका जाई, आणि आठवड्याभरात परत येई. पोलादाला पाणी नीट दिलेले नाही असे म्हणत मी कित्येक महिने पोलादाला दोष दिला. प्रत्यक्षात पात्याच्या मुळाखालचा जो उंचवटा मिटलेल्या पात्याला कमानीवर टेकवून धार अधांतरी ठेवतो, तो अपुरा होता, आणि चाकू ‘खट्’ करून मिटला की धार दर वेळी कमानीच्या अंगावर आपटत होती. म्हणून चाकू घेताना तो मिटवून पात्याच्या पाठीवर अंगठ्याने हलका दाब द्यावा. पाते खाली जाऊन आतल्या पोलादाला लागले, तर तसाच ठिपका त्या चाकूच्याही नशिबी आहे. आणि चाकू चांगला असला तरी तो आपटून मिटवण्याची सवय सोडावी.

पोलादाविषयीचे गैरसमज चुंबकातून जन्मले आहेत. भांड्यांच्या दुकानात चुंबक लावून ‘चिकटत नाही, म्हणजे अस्सल स्टेनलेस’ असा निवाडा होतो, आणि तीच कसोटी घेऊन माणसे चाकू पाहायला जातात. भांड्यांचे उंची पोलाद सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले असते; ते चुंबकाला धरत नाही हे खरे, पण तापवून विझवल्याने ते कठीणही होत नाही, त्यामुळे त्याची धार टिकत नाही. चाकूचे स्टेनलेस निराळ्या कुळातले: त्यात कार्बन अधिक, निकेल जवळजवळ नाही, आणि ते पाणी दिल्यावर कठीण होते व चुंबकाला घट्ट चिकटते. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीने ओतलेले पोलाद याच कुळातले होते. तेव्हा पात्याला चुंबक चिकटला तर चिंता नको. चिकटला नाही तरच संशय घ्यावा. हे पोलाद गंजतच नाही असेही नाही. कैरीचा रस किंवा मीठ पात्यावर रात्रभर राहिले तर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू शकतात. उलट साध्या कार्बन पोलादाचे पाते आपल्या विळीसारखे काळवंडते, आणि तो काळेपणा गंज नसल्यामुळे घासून काढण्याची गरज नाही.

काठिण्याच्या आकड्यालाही फार भुलू नये. एल्सेनर घराण्याच्या व्हिक्टोरिनॉक्स कारखान्याच्या पात्याचे काठिण्य रॉकवेल मापावर सुमारे ५६ असते, आणि कमानींचे सुमारे ४९. कमान मुद्दाम मऊ ठेवावी लागते, कारण ती पात्याइतकी कठीण केली तर लवण्याऐवजी तडकेल. ६० च्या वरचे पाते धार जास्त दिवस धरते, पण तिला खांड पडली तर घरच्या दगडावर ती काढता काढता मनगट दुखते. जडपणाचेही तसेच: त्याच कारखान्याच्या अनेक चाकूंत आतल्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या असतात, आणि त्यामुळे ते कमअस्सल ठरत नाहीत. नव्या चाकूची तीक्ष्णता पाहून हुरळणेही व्यर्थ आहे. धार कोणीही लावू शकतो, धारेच्या मागचे पाते किती पातळ घासले आहे ते पाहावे.

खटका नसला की चाकू कुठेही नेता येतो, ही समजूत बहुधा इंग्लंडच्या कायद्यावरून आली असावी, कारण तेथे तीन इंचांपर्यंत धारेचा, मिटणारा आणि अडकून न राहणारा चाकू जवळ बाळगण्यास सर्वसाधारणपणे मुभा आहे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ खालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते ही मर्यादा आहे, आणि घरगुती किंवा शेतीच्या हत्यारांना तीतून वगळले आहे. तथापि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असताना पोलिसांनी हटकले तर खटका नसल्याचा युक्तिवाद कामी येईलच असे नाही, आणि लोहगाव विमानतळावर तर चाकू हातातल्या सामानात चालतच नाही.

खिळा सैल झालेला चाकू मात्र टाकून देऊ नये. रविवारच्या जुन्या बाजारात घेतलेला असाच एक चाकू मी एका म्हाताऱ्या लोहाराकडे नेला होता. त्यांनी सांध्यात तेलाचा थेंब सोडला, खिळ्याचे एक डोके ऐरणीवर टेकवले, दुसऱ्यावर लहान हातोडीचा एक घाव घातला आणि पाते उघडून पाहिले, पुन्हा एक, पुन्हा पाहिले, मग तिसरा. अजून किंचित हालतेय असे वाटून मी चौथा घाव घालायला सांगितले. त्यांनी मान हलवली, पाते माझ्या चिमटीत दिले आणि हलवून बघा म्हणाले. सांधा डुलत नव्हता, आणि कमान पाते अजून मोकळेपणी ओढून घेत होती.