समाधानी कोण : वर्गातला विद्यार्थी की दूरशिक्षणातला?

व्याख्यान संपलं की एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो, आणि विचारणारे बहुतेक पालक असतात. ‘मुलीला बाहेरून बी.ए. करायला लावलं, तर तिचं नुकसान तर होणार नाही ना?’ ‘बाहेरून’ या एका शब्दात सगळी भीती आली. वर्गात बसतो तो खरा विद्यार्थी, बाकीचे उंबरठ्याबाहेरचे. ही भीती कितपत खरी आहे, ते आज पाहू या.

आधी थोडा इतिहास. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठानं १९६२ साली टपालाद्वारे शिक्षण सुरू केलं. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ चं, आपलं इग्नू १९८५ चं, आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद आपण ऐकलेलं असेलच. म्हणजे ही पद्धत काही काल-परवाची नाही, आणि तिच्यावर संशोधनही भरपूर झालं आहे.

आता मुद्द्याकडे येऊ. २००२ साली माईक ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक काम केलं. उच्च शिक्षणातल्या विद्यार्थ्यांच्या समाधानावर आधी झालेले अभ्यास गोळा करून त्यांचा एकत्रित हिशेब मांडला. निष्कर्ष काय निघाला? विद्यार्थ्यांचा कल किंचित वर्गाकडे होता. पण दोन्हीकडच्या समाधानात फरक थोडाच होता. आपल्याला वाटते तेवढी मोठी दरी काही सापडली नाही.

पण थांबा, लगेच निश्चिंत होऊ नका. समाधान मोजणं ही अवघड गोष्ट आहे. तीन अडचणी सांगतो.

पहिली, उत्तर देतं कोण? सर्वेक्षणाचा फॉर्म बहुधा सत्राच्या शेवटी भरून घेतात. जो मध्येच सोडून गेला, त्याचं मत त्यात येतच नाही. दूरशिक्षणात गळतीचं प्रमाण साधारणपणे जास्त असतं. तेव्हा तिथलं समाधान पुष्कळदा टिकून राहिलेल्यांचं समाधान असतं.

दुसरी, तुलना कशाशी? समजा, रात्रपाळी करणारी एखादी नर्स घरी पुस्तक वाचून पदवी घेते आहे. तिच्यापुढे ‘वर्ग की घर’ असा पर्याय नसतोच. तिचा पर्याय असतो ‘घर की काहीच नाही’. ती समाधानी असली तर नवल नाही. उलट, वर्गाची सवय असलेल्या मुलाला घरी बसवलं की तो नाराज होतो. २०२० च्या टाळेबंदीत तेच झालं. वर्गातलाच तास उचलून मोबाइलवर आणला आणि आपण त्याला दूरशिक्षण म्हटलं. त्या अनुभवावरून मुक्त विद्यापीठांची परीक्षा करणं बरोबर नाही.

तिसरी अडचण सगळ्यात महत्त्वाची : समाधान म्हणजे शिकणं नव्हे. हार्वर्डमध्ये पदार्थविज्ञानाच्या वर्गांवर केलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी छान, सफाईदार व्याख्यान ऐकलं; काहींनी स्वतः डोकं लावून गणितं सोडवली. व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटलं, आपण जास्त शिकलो. चाचणीत मात्र स्वतः धडपडणारे पुढे होते. (आम्हीही आत्ता व्याख्यानच देतोय, हे ध्यानात ठेवा!)

मग विद्यार्थ्याला तुटल्यासारखं वाटतं ते कशामुळे? मायकेल मूर या अभ्यासकाचं म्हणणं असं, की शिक्षणातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. ते ठरतं संवाद किती होतो, अभ्यासक्रमाची रचना किती लवचीक आहे, आणि विद्यार्थी स्वतःच्या बळावर किती शिकू शकतो, यावरून. ऐंशी जणांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेला, वर्षभरात एकदाही प्रश्न न विचारलेला मुलगा शिक्षकापासून फार लांब असतो. आणि शंभर मैलांवरच्या खेड्यातली बाई, जिचा गृहपाठ शेरे लिहून वेळेवर परत येतो, ती जवळ असते.

म्हणून पालकांना आम्ही सांगतो, ‘वर्ग की घर’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. प्रवेश घेण्याआधी चौकशी करा : पदवीला मान्यता आहे ना? पुस्तकं सत्राच्या सुरुवातीला मिळतात का? अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रं खरोखर होतात, की कागदावरच? गृहपाठावर कोणी काही लिहून देतं, की नुसते गुण? अडलं तर विचारायचं कोणाला? आणि जे मध्येच सोडून गेले, ते का गेले, हेही विचारा. वर्गाच्या कॉलेजातही हे प्रश्न विचारायला हरकत नाही.

याची उत्तरं नीट मिळाली, तर ‘बाहेरून’ शिकणारी तुमची मुलगी बाहेरची राहणार नाही. नाही मिळाली, तर वर्गात बसूनही ती बाहेरचीच.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.